बारा हातांची विहीर

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ‘माझी विहीर’ नावाचा एक लेख आहे. तो मी लिहिला. हीरक महोत्सवाच्या वेळी तोच लेख थोडा वाढवून पुन्हा दिला. लेख माझा आहे, विहीर माझी नाही. एवढं एक वाक्य लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. आधी नोकरी होती, मग मुलांची लग्नं होती, मग मोतीबिंदू होता. आता कुठलंच कारण शिल्लक नाही, म्हणून लिहितो.

विहीर पास्कोलची होती.

पास्कोल कमरेला दोरी बांधून शाळेत यायचा. सदऱ्याच्या आत, नऊ-दहा वेढे. काथ्याची जाड, पाण्यानं काळी पडलेली दोरी, आणि तिला हात-हात अंतरावर गाठी. कवायतीच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “मोजायला.” “काय मोजायला?” “विहीर आली तर.” मास्तरांनी मैदानावर नजर फिरवली. विहीर आलेली नव्हती. त्यांनी त्याला रांगेत परत पाठवलं.

ही पंचावन्न सालाच्या आसपासची गोष्ट. अंधेरी तेव्हा स्टेशनापासून दहा मिनिटांत संपायची आणि पुढे भातशेती लागायची. पास्कोल मरोळच्या बाजूच्या एका गावठाणातला. घरी पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, भात आणि भाजीपाला करणारे. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला. आम्ही कोकणातून आलेले, स्टेशनाजवळच्या चाळीत राहणारे. माझे वडील गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. अक्षर वाईट काढलेलं त्यांना पाप वाटे, त्यामुळे माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. पास्कोलचं शेवटचं होतं.

खरं म्हणजे त्याला अक्षर नव्हतंच. तो अक्षरं लिहीत नसे, काढत असे. ‘घर’ लिहायचं तर ‘घ’वर कौलं चढायची. ‘मासा’मधल्या ‘स’ला कल्ले फुटायचे. शुद्धलेखनाच्या तासाला आमचा उतारा संपायचा तेव्हा याचं पहिलं वाक्य अर्ध्यावर असायचं, पण त्या अर्ध्या वाक्यात राहायला जावं असं वाटे.

दुसरं म्हणजे त्याच्याकडे सगळ्या विषयांना मिळून एकच वही होती. इतिहासाच्या बाईंनी ती तपासायला नेली की विज्ञानाचे मास्तर हात हलवत बसायचे. शेवटी हेडमास्तरांनी हुकूम काढला, विषयवार वेगळ्या वह्या आणाव्यात. पास्कोलनं आणल्या. पाच वह्या. पाचही एकमेकींना पाठीकडून दाभणानं शिवलेल्या.

“हे काय रे?” हेडमास्तर म्हणाले.

“येगळ्या हायत सर. फक्त लांब जाऊ नयेत म्हणून शिवल्या.”

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, “एकच हाय रे ते.” कुठल्याही दोन गोष्टी त्याच्यासमोर ठेवा, दोन मिनिटांत तो त्या एक करून दाखवायचा. इतिहासाच्या बाईंनी वसईच्या लढाईवर लिहून आणायला सांगितलं. सगळ्यांनी लढाई आणली. पास्कोलनं रुमालात बांधून किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा आणला आणि चार पानं चुन्यावर लिहिली: शिंपले कुठले, भट्टी कशी, चुना पाण्यात टाकला की का तापतो. शेवटी शिंपल्यानं गायलेली आठ ओळींची कविता.

“लढाई कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“लढाई सरली बाई. चुना अजून हाय.”

बाईंनी दहापैकी तीन गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘विषय सोडून’. पास्कोलनं तो शेरा मला दाखवला. त्याला तो पटला नव्हता. “सोडला नाय,” तो म्हणाला. “मी विषयाला बाहेर फिरवून आणला.”

गणितातही तेच. एक हौद दोन नळांनी अमुक तासांत भरतो, तिसऱ्यानं रिकामा होतो, असलं एक गणित त्या काळी सगळ्यांना सोडवावं लागे. पास्कोल उभा राहिला.

“सर, हौद कुठला?”

“कुठलाही.”

“पाणी गोडं का खारं?”

“त्याचा काय संबंध?”

“गोडं असंल तर बाया कळश्या घेऊन येतील. मग हौद भराचा नाय.”

वर्ग हसला. मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं. तिथं उभा राहूनही तो विचार करत असावा, कारण तास संपताना म्हणाला, “सणाचे दिवस सोडून भरंल सर.”

माझी आणि त्याची दोस्ती सोयीची होती. त्यानं माझ्या आकृत्या काढायच्या, मी त्याचं लेखन उतरवून द्यायचं. माझ्या बेडकाच्या आकृतीला दहापैकी नऊ मिळाले. त्याच्या बेडकाला तीन, कारण त्यानं तो हसताना काढला होता.

त्याच्यावर विश्वास असलेला शाळेत एकच माणूस होता, चित्रकलेचे टिपणीस मास्तर. दहावीत असताना पास्कोलच्या बापानं, इनासनं, त्याला शाळेतून काढायचं ठरवलं. मामानं कुर्ल्याकडे एका वर्कशॉपात शब्द टाकला होता. टिपणीस मास्तर मरोळला चालत गेले आणि मला बरोबर घेऊन गेले, कारण त्यांना रस्ता माहीत नव्हता. इनास ओट्यावर बसून वांगी निवडत होता. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली, मला एक वांगं दिलं.

“मास्तर, पोराला डोकं हाय ते मना ठावं हाय,” तो म्हणाला. “पण कशाचं हाय ते तुमी सांगा. सगळीकडं तीन मार्क.”

“त्याचे सगळे तीन एकत्र केले तर पंधरा होतात,” मास्तर म्हणाले.

“पण देतं कोण पंधरा?”

मास्तरांनी खुर्ची ओट्याजवळ ओढली. ते म्हणाले, “जानेवारीत शाळेचं प्रदर्शन आहे. विषय आहे ‘आपला परिसर’. त्यात हा पहिला आला तर मॅट्रिक होईपर्यंत तुम्ही काही बोलायचं नाही.”

“आन नाय आला तर?”

“तर मी बोलणार नाही.”

इनासनं मान हलवली. पास्कोल आत दाराआड उभा होता. परत निघताना तो आम्हाला गावठाणाच्या विहिरीपर्यंत पोचवायला आला. कमरेची दोरी सोडून त्यानं ती सरसर विहिरीत सोडली, गाठी मोजल्या आणि मला म्हणाला, “गजा, विहीर कराची.”

पुढचे तीन महिने आम्ही विहीर केली. वडिलांच्या छापखान्यातून कापून उरलेल्या कागदाच्या लांब पट्ट्या मी आणल्या. त्या खळीनं जोडून आम्ही एक लांबच लांब गुंडाळी केली. विहीर बारा हात खोल, म्हणून कागद बारा हात लांब. तो शाळेच्या जिन्याच्या पोकळीत वरून खाली सोडायचा आणि लोकांनी वाचत वाचत खाली उतरायचं, अशी पास्कोलची योजना होती. मी म्हटलं, “आडवा लावू रे. भिंतीवर.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “विहीर आडवी कधी बघितलीस?”

पहिल्या हातावर ‘उंबराचं पाणी’ होतं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवऱ्याच्या किंवा नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. पास्कोलनं ती मिरवणूक काढली. लुगड्यांचे रंग त्यानं खरोखरच पानाफुलांतून पिळून काढले होते आणि कुठला रंग कशातून निघाला ते मला बाजूला लिहायला लावलं. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला वरची इंग्रजांच्या वेळची वीट आणि खालचा फिरंग्यांच्या वेळचा दगड, आणि आत्यानं सांगितलेली, तो दगड बसवणाऱ्या घराण्यांची नावं. त्याखाली फटींतले नेचे, मग बेडूक, मग दर महिन्याच्या पाण्याच्या खुणा. प्रत्येक हाताला त्याच्या दोन ओळी. नेच्याजवळ होतं,

दगडाच्या फटीत हिरवा कान,
ऐकतो कोणाचं येणंजाणं.

आणि बेडकाच्या बाजूला,

राज्य कुणाचं बेडकाला नाही ठाऊक,
पाणी पिताना सारेच वाकतात.

“हे जुळत नाही,” मी म्हटलं. “यमक नाही.”

“बेडूक हाय तो. त्याला कसलं यमक.”

बाराव्या हाताला त्यानं सगळा काळा रंग भरला आणि मधोमध बोटभर रुंद पांढरी पट्टी सोडली.

“इथं काय लिहू?” मी विचारलं.

“ती ठेव. ती मी लिवीन.”

“तू? तुझ्या अक्षरात?”

“शिकतोय ना.”

खरोखरच शिकत होता. मधल्या सुट्टीत पाटीवर एकच शब्द पुन्हा पुन्हा गिरवायचा. मी जवळ गेलो की तळहातानं झाकायचा. मला वाटलं, स्वतःचं नाव घटवतोय.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सगळ्या वस्तू आठपर्यंत लावायच्या होत्या. पास्कोल आला नाही. नेमकं त्या दिवशी इनासनं त्याला वांग्यांना पाणी घालायला लावलं होतं. मी गुंडाळी जिन्यातून खाली सोडली. तिचं टोक तळमजल्याच्या फरशीला टेकलं आणि ती पांढरी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. रिकामी.

इथं माझ्या घराण्याचा दोष सांगायला हवा. छापखान्याच्या माणसाला तळाशी नाव नसलेला कागद बघवत नाही. पत्रिका असो, पंचांग असो, खाली मुद्रकाचं नाव हवंच. वडील म्हणायचे, नाव नसलेला कागद म्हणजे बेवारस मूल. आठ वाजायला पाच मिनिटं होती. मी बोरू घेतला आणि त्या पट्टीत सुरेख, घोटीव अक्षरात लिहिलं, गजानन सावंत.

इतकं झालं तोवर ती चूक होती. चुकीला माफी असते.

नऊ वाजता माझे वडील आले. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, लग्नातला कोट घालून. ते माझ्या शाळेत कधीच आले नव्हते. त्यांनी वरपासून एकेक पायरी उतरत सगळी विहीर वाचली. चित्रं त्यांनी पाहिली नसावीत, त्यांचं लक्ष अक्षरांवर होतं. खाली आल्यावर ते माझ्या नावापाशी वाकले, त्यावर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही. खिळे जुळवून त्यांनी हजारो लोकांची नावं छापली होती. आपल्या घरातलं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

परीक्षक म्हणून बाहेरचे एक पाहुणे होते. त्यांचे गुडघे दुखत असत, तरी ते बाराही हात उतरले. खाली आले, नाव वाचलं आणि म्हणाले, “कोण हा सावंत?”

टिपणीस मास्तर पुढे झाले. “सर, हे बहुतेक पास्कोल नावाच्या मुलाचं—” मग ते माझ्याकडे वळले. “काय रे? कल्पना पास्कोलची ना?”

वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं बोट अजून तिथंच होतं.

“चित्रं त्यानं काढली सर,” मी म्हणालो. “कल्पना माझी होती.”

टिपणीस मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, “बरं.”

पास्कोल दहा वाजता आला, पायांना चिखल, मागे इनास. तोवर चिठ्ठी लागली होती: पहिलं बक्षीस, गजानन सावंत, चित्रसाहाय्य, पास्कोल. इनासला वाचता येत असे, पण सावकाश. त्यानं सगळी विहीर खालून वर वाचली, मग वरून खाली. शेवटी पट्टीपाशी थांबला.

“तुझं नाव कुठं हाय?”

पास्कोल पट्टीकडे बघत होता. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. मला वाटलं, आता तो बोलेल. तो बोलला असता तर माझी सुटका झाली असती.

“लिवाचं राहिलं, पापा,” तो म्हणाला.

इनासनं टिपणीस मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शब्दाचे पक्के होते. ते बोलले नाहीत.

जाताना पास्कोल माझ्यापाशी आला. मी काहीतरी पुटपुटलो, पट्टी रिकामी होती, वेळ नव्हता, वगैरे. तो म्हणाला, “तू लिवलंस काय, मी लिवलं काय. एकच हाय रे ते.” त्याच्या तोंडून हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. दोन गोष्टी एक नसताना त्यानं ते म्हटलेलं तेवढं एकदाच.

तो वर्कशॉपात गेला. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करायचा. तिथल्या मुकादमाची तक्रार असे की हा जाळीत मधेच बेडूक घालतो. गिऱ्हाइकांनी मात्र तक्रार केली नाही. अंधेरी-विलेपार्ल्यातल्या काही जुन्या इमारतींत अजून तो बेडूक दिसतो. मी जाता-येता वर बघत असतो. लोकांना वाटतं मी घर शोधतोय.

मी मॅट्रिक झालो. प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्रक दाखवून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशांच्या टेबलावर चिकटलो. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “विहिरींची आवड दिसते.” मी हो म्हटलं.

वीसेक वर्षांनी त्याच गावठाणातल्या विहिरीचं मोजमाप घ्यायला मला पाठवलं. तिच्यावर स्लॅब टाकायचा होता. मी पोलादी टेप घेऊन गेलो. काठावर पास्कोल बसला होता. केस पांढरे व्हायला लागलेले, कमरेला दोरी. त्याची वर्कशॉपातून सुट्टी होती.

“ये गजा,” तो म्हणाला. “अक्षर कसं हाय?”

“बरं आहे.”

“तुझी पट्टी टाक. मी दोरी टाकतो. बघू कुणाचं खरं.”

दोघांचं सारखंच आलं. मी वहीत आकडा लिहिला. मग कसंबसं विचारलं, “पास्कू, त्या पट्टीत तू काय लिहिणार होतास?”

त्यानं दोरी वर ओढत ओढत सांगितलं, जणू भाजीचा भाव सांगतोय. “मायचं नाव. ती गेली तवा मी चार वर्साचा. तोंड नाय आठवत. मी ओट्यावर बसलेला असायचो, ती कळशी सोडायची आन मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन. मना भ्या वाटू नये म्हणून. बारावर कळशी तळाला टेकायची. तेवढं आठवतं. बाराला ती थांबायची.” त्यानं दोरीचा शेवटचा ओला हात पिळला. “ही तिचीच दोरी. म्हणून म्हटलं, बाराला तिचं नाव असावं.”

बाराला माझं नाव होतं. ते तेव्हाही शाळेच्या जिन्यात टांगलेलं होतं, वाळवीनं खाईपर्यंत राहिलं.

“काय नाव होतं?” मी विचारू शकलो ते एवढंच.

“एस्पेरान्स. लई कठीण. जोडाक्षर जमंना.” तो हसला आणि मला वांगी देऊन पाठवलं.

घरी येऊन मी माफीचं पत्र लिहायला बसलो. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. अडचण अशी होती की अक्षर फार चांगलं येत होतं. इतक्या सुरेख अक्षरातली माफी खरी वाटेना. एकदा डाव्या हातानंही लिहून पाहिलं, तर तीही सराव केल्यासारखी दिसायला लागली. मग ठरवलं, तोंडी सांगू. नाताळात गेलो, केक खाऊन आलो. गणपतीला तो आमच्याकडे आला, मोदक खाऊन गेला. स्मरणिकेतला लेख मी त्याला दाखवला नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी त्याची मुलगी फिलोमिना घरी आली. “काका, पप्पा गेले,” म्हणाली. “ते सांगून ठेवत, क्रुसावरचं नाव गजाच्या हातचं पाहिजे. तुमचं अक्षर चांगलं, म्हणायचे.”

मी रंग आणि ब्रश घेऊन कबरस्तानात गेलो. अक्षर याही वेळी चांगलंच आलं. पास्कोल लिहिलं. त्याखाली, ‘एस्पेरान्स व इनास यांचा मुलगा’. आईचं नाव आधी. ते जोडाक्षर खरंच कठीण आहे.

फिलोमिना बाजूला उभी होती. “काका, खाली कोपऱ्यात तुमचं नाव? पेंटर लोक घालतात.”

“नको,” मी म्हटलं.

माझ्या खिशात एक कागद होता, माफीच्या सगळ्या मसुद्यांतून उरलेला. मातीत ठेवावा असं मनात होतं, पण फिलोमिना कौतुकानं माझ्याकडे बघत होती. “पप्पा सांगायचे, तुम्ही दोघांनी मिळून विहीर केली होती,” ती म्हणाली. मी ब्रश धुतला.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यात एकच ओळ आहे.

पास्कू, कल्पना तुझी होती.